पाच धावांचं अंतर

२०१७ सालचा हिवाळा वऱ्हाडात बोंडअळीचा हिवाळा म्हणून लक्षात राहिला. पऱ्हाटी बाहेरून हिरवीगार, झाड बोंडांनी लगडलेलं, आणि बोंड फोडून पाहावं तर आत गुलाबी अळी. बीटी बियाण्याला ही अळी आता जुमानत नाही, हे त्या साली वावरावावरातून कळलं. वेचणीला गेलेल्या बायांच्या ओट्यात पांढऱ्याशुभ्र कापसाऐवजी किडकी कवडी पडत होती. कुणी उभ्या पिकात जनावरं सोडली, कुणी सरळ ट्रॅक्टर फिरवला. ज्ञानगंगेच्या खोऱ्यातलं, खामगाव तालुक्यातलं आमचं पिंपळगाव राजाही त्यातून सुटलं नाही. खामगावच्या कापूस बाजाराकडे डोळे लावून बसणारी ही गावं. डिसेंबरात जिथे कापसाच्या भावावर तावातावाने बोलणं चालायचं, तिथे पंचनामा कधी होणार एवढीच चौकशी उरली होती.

अशा दिवसांत, २१ डिसेंबरच्या सकाळी, कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर विदर्भाची अकरा पोरं रणजी करंडकाच्या उपांत्य सामन्याचा शेवटचा दिवस खेळायला उतरली.

खरं सांगायचं तर आमच्या भागात रणजी फारसं कुणी पाहत नसे. क्रिकेटचं वेड घरोघरी, पण ते भारताच्या सामन्यांचं आणि आयपीएलचं. सोयाबीन निघालेल्या मोकळ्या वावरात टेनिसच्या चेंडूवर पोरं दिवस मावळेपर्यंत खेळतात, पण त्यातल्या कुणाला विदर्भाच्या संघातली पाच नावं विचारली असती तर उमेश यादवच्या पुढे गाडी सरकली नसती. तो कोळसा खाणीच्या वस्तीतून आलेला, २०११ मध्ये भारताकडून कसोटी खेळलेला. विदर्भाच्या संघातून कसोटीपर्यंत पोचलेला तो पहिलाच. बाकी संघ हरतच असे, आणि हरणाऱ्याची बातमी आतल्या पानावर चार ओळींत आटोपते.

या संघाची वंशावळ मात्र जुनी. आधी तो मध्य प्रांत आणि वऱ्हाड या नावाने खेळत असे. राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १९५७-५८ च्या मोसमात ‘विदर्भ’ हे नाव पहिल्यांदा रणजीच्या फळ्यावर लागलं. त्यानंतरच्या साठ वर्षांत एकदाही अंतिम सामना नाही. कित्येक मोसम तर प्लेट गटात, म्हणजे खालच्या पंगतीत गेले. त्याच महाराष्ट्रात मुंबईने तोवर ४१ वेळा करंडक जिंकला होता. भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू जन्मले नागपुरात, पण रणजीतली त्यांची कीर्ती झाली इंदूरच्या होळकर संघाकडून. गुणी माणसाने नाव काढायचं तर बाहेर जावं, ही विदर्भाची जुनीच कहाणी, आणि ती फक्त क्रिकेटची नाही.

बदल एका रात्रीत झाला नाही. नागपूरजवळ जामठ्याला मोठं स्टेडियम उभं राहिलं, २००८ मध्ये तिथे पहिली कसोटी झाली. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे विदर्भ क्रिकेट संघटनेची अकादमी. जिल्ह्याजिल्ह्यातून पोरं निवडायची, त्यांना राहायला जागा, जेवण, चांगल्या खेळपट्ट्या आणि शिकवणारा माणूस द्यायचा. २०१७ मध्ये प्रशिक्षक म्हणून चंद्रकांत पंडित आले. मुंबईला वर्षापूर्वीच विजेतेपद मिळवून दिलेला, शिस्तीच्या बाबतीत अतिशय कडक माणूस. गोलंदाजांना घडवायला सुब्रतो बॅनर्जी होते. कर्णधार फैज फजल. २००३ साली पहिल्याच रणजी सामन्यात शतक ठोकलेला हा डावखुरा पोरगा आता तिशी ओलांडलेला, आणि त्या मोसमात त्याने ९१२ धावा काढल्या.

आणि वसीम जाफर. मुंबईचा, रणजीत सर्वाधिक धावा केलेला फलंदाज. विदर्भाकडून खेळण्याचा करार झाल्यावर एक अख्खा मोसम दुखापतीत गेला, तरी संघटनेने त्याचे ठरलेले पैसे दिले. मग पुढच्या, म्हणजे याच मोसमात तो मानधन न घेता खेळला. व्यवहाराला व्यवहारासारखं न वागवणारी अशी माणसं संघात असली की बाकीच्या पोरांच्या मनावर काय परिणाम होत असेल, ते आकड्यांच्या तक्त्यात दिसत नाही.

उपांत्य सामन्यात समोर कर्नाटक. आठ वेळचा विजेता. मयंक अगरवाल त्या मोसमात धावांच्या राशी घालत होता, करुण नायरच्या नावावर कसोटीतलं त्रिशतक होतं, गोलंदाजीत विनय कुमार आणि अभिमन्यू मिथुन. विदर्भाचा पहिला डाव १८५ वर संपला. कर्नाटकाच्या ३०१, त्यात नायरच्या एकट्याच्या १५३. इथवर सगळं नेहमीसारखं चाललं होतं. विदर्भ झुंजेल, थोडक्यात हरेल, आणि लोक म्हणतील, बरे खेळले.

पण दुसऱ्या डावात गणेश सतीशने ८१ काढल्या. तो मूळचा कर्नाटकचाच, आता विदर्भाचा. आदित्य सरवटेने अर्धशतक केलं. ३१३ पर्यंत मजल गेली. कर्नाटकाला जिंकायला हवे होते १९८. मोठी नाही ही संख्या, आणि चौथ्या दिवसअखेर सात गडी गमावून १११ झालेल्या. शेवटच्या सकाळी ८७ धावा की तीन गडी, एवढाच हिशेब.

त्या सकाळी मोबाइलवर धावफलक उघडून बसलेली माणसं मी पिंपळगावात पाहिली. रणजीचा धावफलक! वेचणीला निघालेला एकजण मोटारसायकल उभी करून विचारत होता, ‘‘भाऊ, किती पायजेत आता त्याईले?’’ विनय कुमार ३६ काढून गेला. तरी श्रेयस गोपाल टिकून होता आणि मिथुन फटकावत होता. एकेक चौकार बसला की टपरीवरचं बोलणं थांबे. मिथुन ३३ वर बाद झाला तेव्हा विजय कर्नाटकाच्या अगदी हाताशी आलेला. आणि मग शेवटचा गडी. १९२ वर सर्वबाद. पाच धावांनी विदर्भ जिंकला.

त्या सकाळचे तिन्ही बळी रजनीश गुरबाणीचे. सिव्हिल इंजिनिअरिंगची पदवी घेतलेला नागपूरचा हा पोरगा. वेग फार नाही, पण चेंडू दोन्हीकडे हलवणारा. पहिल्या डावात पाच, दुसऱ्या डावात ६८ धावांत सात, सामन्यात बारा बळी. पाच धावा म्हणजे एक चौकार आणि एक चोरटी एकेरी धाव. एखाद्या क्षेत्ररक्षकाचा हात जरा उशिरा खाली गेला असता तर साठ वर्षांची तीच गोष्ट पुन्हा लिहिली गेली असती. माझ्या दृष्टीने करंडक त्या सकाळीच जिंकला गेला. हातातून निसटणारा सामना धरून ठेवता येतो, हे त्या पोरांना त्या दिवशी कळलं आणि ते पुढे विसरले नाहीत.

अंतिम सामना इंदूरच्या होळकर स्टेडियमवर, २९ डिसेंबरपासून, सात वेळच्या विजेत्या दिल्लीशी. आम्हा बुलढाण्याच्या लोकांना इंदूर नागपूरइतकंच जवळ किंवा लांब; जळगाव जामोद, बऱ्हाणपूर, खंडवा करत सातपुडा ओलांडला की आलं. उमेश यादव भारतीय संघाबरोबर दक्षिण आफ्रिकेला गेलेला, त्यामुळे त्याच्या जागी कोण हा प्रश्न. जागा मिळाली आदित्य ठाकरेला. वय १९, गाव अकोला, आणि आयुष्यातला पहिलाच प्रथम श्रेणीचा सामना. थेट रणजीचा अंतिम सामना! पोराने सुरुवातीलाच दिल्लीचा सलामीवीर शून्यावर पाठवला.

मला या सामन्यातलं हेच सर्वांत जास्त आवडतं. विदर्भ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर नागपूर येतं. अकोला, बुलढाणा, वाशीम हा पश्चिमेचा पट्टा नागपूरवाल्यांनाही दूरचा. पण अकोला म्हणजे आमच्यासाठी दवाखान्याचं, कॉलेजचं, बाजारहाटाचं गाव. तिथला पोरगा पहिला चेंडू टाकायला धावला तेव्हा विदर्भाचा संघ इकडच्या माणसालाही आपला वाटला.

पुढचं इतिहासात आहे. ध्रुव शोरीच्या १४५ मुळे दिल्ली सावरत होती, तेव्हा गुरबाणीने हॅट्ट्रिक घेतली, तिसरा बळी शोरीचाच. रणजीच्या अंतिम सामन्यात अशी हॅट्ट्रिक त्याआधी एकदाच झाली होती, १९७२-७३ मध्ये तमिळनाडूच्या कल्याणसुंदरमची. दिल्ली २९५. उत्तरादाखल विदर्भाचा डाव ५४७ पर्यंत चालला. यष्टिरक्षक अक्षय वाडकरने १३३ काढल्या, त्याचं प्रथम श्रेणीतलं पहिलं शतक, आणि सरवटे, सिद्धेश नेरळ या तळाच्या फलंदाजांनी सत्तरी ओलांडली. दिल्लीच्या दुसऱ्या डावात फिरकीपटू अक्षय वखरेने चार बळी घेतले. २९ धावा उरल्या, त्या एक गडी गमावून झाल्या. १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भ रणजी विजेता झाला.

बोंडअळीने गेलेलं पीक त्या करंडकाने परत आलं नाही. तसं म्हणणं शेतकऱ्याची थट्टा होईल. पण अनुशेष, आत्महत्या, दुष्काळ या तीन शब्दांपलीकडे विदर्भाची बातमी असू शकते, हे ती बातमी वाचणाऱ्या पोरांनी पाहिलं. ‘‘आपल्या पोट्ट्याईनं दिल्लीले हरवलं,’’ असं म्हणताना गावातल्या माणसाची मान जी वर झाली, ती मी पाहिली आहे.

लोक म्हणाले, एखाद्या वर्षी होतं असं. पण पुढच्याच मोसमात, फेब्रुवारी २०१९ मध्ये, जामठ्याला सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून विदर्भाने करंडक राखला. सरवटेने सामन्यात ११ बळी घेतले, चेतेश्वर पुजाराला दोन्ही डावांत त्यानेच काढलं. पाठोपाठ इराणी करंडकाचा सामना सुरू असताना १४ फेब्रुवारीला पुलवामाचा हल्ला झाला. विदर्भाने तो करंडकही जिंकला, आणि फैज फजलने बक्षिसाची सगळी रक्कम शहिदांच्या कुटुंबांना दिल्याचं जाहीर केलं. त्या हल्ल्यात बुलढाणा जिल्ह्याचे दोन जवान गेले होते, एक मलकापूरचा, एक लोणार तालुक्यातल्या चोरपांगऱ्याचा. जिल्हा सुन्न होता. त्या दिवसांत या संघाने जे केलं, ते मला दोन्ही करंडकांहून मोठं वाटतं.

मार्च २०२४ मध्ये वानखेडेवर मुंबईकडून अंतिम सामना हरले. वर्षभरात त्याच मुंबईला नागपूरच्या उपांत्य सामन्यात हरवलं, आणि २ मार्च २०२५ रोजी केरळवर पहिल्या डावाच्या आघाडीने तिसरा करंडक घेतला. कर्णधार होता अक्षय वाडकर. हर्ष दुबेने मोसमात ६९ बळी घेऊन रणजीचा विक्रम केला. आणि अंतिम सामन्यात विदर्भासाठी ८६ आणि १३५ धावा काढणारा फलंदाज कोण? ईडनवर विदर्भाविरुद्ध १५३ काढलेला करुण नायर. पूर्वी माणसं नाव काढायला विदर्भातून बाहेर जात. आता बाहेरची माणसं आपलं गेलेलं नाव परत मिळवायला इथे येतात.

अकोल्याहून आता अथर्व तायडेसारखे खेळाडू वर येत आहेत. खामगाव तिथून तासाभराच्या वाटेवर, पिंपळगाव राजा त्याच्या थोडंसं पुढे. या वाटेवरच्या पोरांच्या हातात मात्र अजून टेनिसचाच चेंडू आहे. चामड्याचा चेंडू अंगावर कसा येतो, हे वयाच्या दहाव्या वर्षी कळलं नाही तर विसाव्या वर्षी निवड चाचणीत कळून उपयोग नसतो. तालुक्यातल्या शाळांच्या मैदानांवर मॅटिंगची एकेक खेळपट्टी, एक जाळी, दोन किट आणि आठवड्यातून दोनदा येणारा एक प्रशिक्षक, एवढं मागणं फार नाही. खामगाव-नांदुऱ्यातल्या व्यापाऱ्यांनी, बाहेर नोकरीला गेलेल्या गावकऱ्यांनी, ग्रामपंचायतीने आणि विदर्भ क्रिकेट संघटनेने मिळून ते या सोयाबीनच्या सुगीनंतर सुरू करावं, अशी माझी विनंती आहे.