दत्तक कन्यांचे शामियान

दक्षिण चीनमधील ग्वांगझू हे शहर जुन्या मुंबईकर व्यापाऱ्यांना ‘कँटन’ या नावाने परिचित होते. १७५७ ते १८४२ या काळात पाश्चात्त्य व्यापाऱ्यांना चीनमध्ये सागरी व्यापाराची मुभा होती ती या एकाच बंदरात. मुंबईहून येथे कापूस येई आणि अफूही येई, हे लपविण्याचे कारण नाही. परतीच्या जहाजात चहा व रेशीम असे. पारशी पेढ्यांप्रमाणेच भायखळ्याचे आदिनाथ मंदिर बांधणारे शेठ मोतीशा यांचाही चीनशी जहाजी व्यापार होता. परदेशी व्यापाऱ्याने येथील वखारीत स्त्रियांना आणू नये, असा त्या काळी सक्त नियम होता. पुढे दीडशे वर्षांनी त्याच नदीकाठी परदेशी माणसे येऊ लागली, ती मात्र आपला संसार पूर्ण करण्यासाठी!

यामागील कारण करुण होते. १९८० च्या सुमारास चीनने ‘एक कुटुंब, एक अपत्य’ हे धोरण कठोरपणे अमलात आणले. वंशाला मुलगा हवा ही भावना तेथेही आपल्याइतकीच खोल. परिणामी असंख्य नवजात मुली रुग्णालयाच्या दारात, बाजारात, पुलाजवळ सोडून दिल्या जाऊ लागल्या आणि अनाथालये भरून गेली. १९९२ मध्ये अमलात आलेल्या कायद्याने परदेशी दांपत्यांना ही मुले दत्तक घेण्याचा मार्ग मोकळा झाला. तेव्हापासून २०२४ पर्यंत सुमारे १,६०,००० मुले परदेशी गेली. त्यांतील निम्म्याहून अधिक अमेरिकेत. एकट्या २००५ या वर्षी अमेरिकेत गेलेल्या मुलांची संख्या सुमारे ७,९०० होती.

मूल कोणत्याही प्रांतातील असो, अमेरिकन कुटुंबाच्या प्रवासाचा अखेरचा मुक्काम ग्वांगझूच असे. प्रथम प्रांताच्या राजधानीत मूल हाती देण्यात येई. तेथे नोंदणी होई, अनाथालयाला ठरलेली देणगी दिली जाई (बरीच वर्षे ती सुमारे ३,००० डॉलर होती) आणि मुलाचे पारपत्र तयार होई. मात्र दत्तक मुलांचा अमेरिकी व्हिसा केवळ ग्वांगझूच्या वकिलातीतूनच मिळे. वैद्यकीय तपासणी, छायाचित्रे, मुलाखत, शपथ या सोपस्कारांच्या मधले दिवस मोकळे असत. या मोकळ्या दिवसांतूनच एक आगळे पर्यटन जन्माला आले.

त्याचे केंद्र होते पर्ल नदीच्या काठचे शामियान बेट. १८५९ मध्ये कालवा खोदून हा वाळूचा पट्टा शहरापासून तोडण्यात आला आणि इंग्रज व फ्रेंच यांनी तो वाटून घेतला. आजही तेथे वडांची गर्द सावली, कमानींच्या जुन्या इमारती, एक छोटे फ्रेंच चर्च आणि रस्त्याकडेला उभे ब्राँझचे पुतळे आहेत. अमेरिकेची वकिलातही पूर्वी याच बेटावर होती. तिच्या शेजारचे, १९८३ मध्ये सुरू झालेले ‘व्हाइट स्वान’ हॉटेल या कुटुंबांनी गजबजलेले असे. सकाळी न्याहारीच्या वेळी प्रत्येक टेबलाशी एक गोरे जोडपे आणि एक चिनी बालिका असे दृश्य दिसे. कपडे धुण्यास दिले, तर दुकानदार मुक्कामापुरती बाबागाडी फुकट वापरावयास देत. रेशमी झबली, नाव कोरलेले शिक्के, मोत्यांच्या माळा यांची खरेदी चाले. काही माता प्रत्येक वाढदिवसासाठी एकेक मोठ्या मापाचा पोशाख घेऊन ठेवीत. निघण्यापूर्वी हॉटेलातील लाल कोचावर साऱ्या मुलींना रेशमी पोशाखात ओळीने बसवून छायाचित्र काढण्याची प्रथाच पडली होती. त्यात दोघीतिघी हमखास रडत असत.

त्या रडण्याचा अर्थ मोठ्यांना उमगत असे. मुलीला सांभाळणारी दाई, नेहमीचा पाळणा, ओळखीची भाषा हे सारे एका दिवसात सुटलेले असे. हॉटेलच्या दिवाणखान्यात एक कृत्रिम धबधबा आहे. परदेशी स्थायिक झालेल्या चिनी लोकांना उद्देशून त्यावर ‘गावचे पाणी’ या अर्थाची अक्षरे कोरलेली आहेत. दत्तक कन्या त्याच पाण्यासमोर छायाचित्र काढून परदेशी निघे. तिचे गाव नेमके कोणते, हे बहुधा कोणालाच ठाऊक नसे.

तेथून कुटुंबे शहर पाहण्यास निघत. कालव्यापलीकडचा छिंगपिंग बाजार त्या काळी जिवंत प्राण्यांच्या विक्रीबद्दल प्रसिद्ध होता. पिंजऱ्यांची ती रांग पाहून पुष्कळांचे पाय तेथूनच मागे फिरत. ‘सहा वडांचे मंदिर’ मात्र मन शांत करी. इ. स. ५३७ मध्ये स्थापन झालेल्या या बौद्ध मंदिरास कवी सू तोंगपो याने ११०० मध्ये हे नाव दिले. ते सहा वड आता उरले नाहीत, नाव उरले आहे. येथील भिक्षू परदेशी कुटुंबांतील या बालिकांना आशीर्वाद देत.

दुसरे ठिकाण चेन घराण्याचे विद्यामंदिर. गुआंगदोंगमधील चेन आडनावाच्या कुळांनी वर्गणी काढून १८९४ मध्ये ही वास्तू पूर्ण केली. परीक्षेसाठी शहरात येणाऱ्या आपल्या कुळातील मुलांची सोय व्हावी आणि पूर्वजांचे पूजन व्हावे, हा हेतू. छपरावरील रंगीत मूर्ती, लाकडावरील नक्षी यांपेक्षाही मनात राहते ती मधली पूर्वजांची जागा. मुलांच्या कुळाचा हा अभिमान, आणि त्यासमोर बाबागाडीत बसलेली, अनाथालयाने दिलेले आडनाव लावणारी मुलगी! आपल्याकडेही दत्तकाचा विचार वंश आणि मालमत्ता यांच्याभोवतीच फिरत आला. जैन विधवेचा पतीच्या परवानगीवाचून दत्तक घेण्याचा अधिकार प्रिव्ही कौन्सिलने १८७८ मध्येच मान्य केला. पण मुलगी दत्तक घेण्याचा निःसंदिग्ध अधिकार कायद्याने दिला तो १९५६ मध्ये.

या कथेला काळी बाजूही आहे. हूनान प्रांतातील काही अनाथालयांनी दलालांना पैसे देऊन मुले मिळविल्याचे २००५ मध्ये उघड झाले. प्रामाणिकपणे देणगी दिलेल्या आईबापांना घरातील ती जुनी पावती त्यानंतर पूर्वीसारखी पाहता आली नसेल. आपल्या मुलीला खरोखरच सोडून दिले होते काय, हा प्रश्न त्यांच्या घरात कायमचा येऊन राहिला.

२०१३ मध्ये वकिलात शहराच्या नव्या भागात गेली. २०२४ मध्ये चीनने जवळच्या नातलगांचा अपवाद वगळता परदेशी दत्तक बंदच केले. मूल निश्चित होऊनही वर्षानुवर्षे थांबलेल्या शेकडो कुटुंबांची वाट तेथेच खुंटली. शामियानवर आता नवरानवरीची छायाचित्रे काढणाऱ्यांची गर्दी असते.

तरीही अधूनमधून विशी-तिशीतील एखादी तरुणी हाती जुने छायाचित्र घेऊन तेथे येते. सोबत पांढऱ्या केसांचे आईवडील असतात. दुकानदार तिच्याशी चिनी भाषेत बोलू लागतो आणि ती संकोचून इंग्रजीत उत्तर देते. मुंबई-पुण्यातूनही अनेक मुले अशीच परदेशी गेली आहेत आणि मोठी होऊन आपले शहर पाहण्यास येतात. असे कोणी दुकानाच्या पायरीशी आले, तर ‘तुम्ही कुठल्या?’ हा आपला नेहमीचा प्रश्न क्षणभर मागे ठेवावा आणि आधी बसावयास आसन व प्यावयास पाणी द्यावे.