मागून बसलेली गाडी

सकाळी सहा वाजता करंजाड्यातली आमची गल्ली जागी होते ती मुलांच्या आवाजाने. पाठीवर दप्तर, हातात डबा. आमचे हे त्यांना ओम्नीत बसवतात आणि गाढी नदी ओलांडून पनवेलमधल्या एका उर्दू शाळेत सोडतात. त्याच शाळेत मी विज्ञान शिकवते. पुढच्या सीटवर माझी जागा ठरलेली.

गेल्या पावसाळ्यात गाडी मागून बसली. मुले चढली की मागचा बंपर खाली जाई आणि पुढचे दिवे आभाळाकडे बघू लागत. प्रत्येक गतिरोधकावर खालून 'धाड्' आवाज येई. मागची मुले खिदळत, त्यांना तो झोपाळा वाटे. माझ्या पोटात मात्र गोळा येई.

जवळच्या गॅरेजवाल्याने पाहताक्षणी निदान केले, "भाभी, मागचे शॉकप गेलेत. कडक शॉकप टाकू, गाडी उचलेल."

मी विचारले, "कडक म्हणजे कसे?"

"महागातले," तो म्हणाला.

ओम्नी 2019 साली बंद झाली, तरी तिचे सुटे भाग मिळतात. यांनी पैशांची जुळवाजुळव सुरू केली. पण माझे समाधान होईना. रविवारी आम्ही कळंबोलीला गेलो. तिथे ट्रकच्या पाट्यांचे काम करणारे एक वयस्कर चाचा आहेत. त्यांनी गाडीचा मागचा कोपरा दोन्ही हातांनी दाबला नि सोडला. गाडी तीन-चारदा डोलली.

"शॉकप गेलेत हे खरे," ते म्हणाले, "पण गाडी त्यांच्यामुळे बसलेली नाही, बेटा. वजन पाटा उचलतो. शॉकप फक्त पाट्याला शांत करतो."

विज्ञानाची शिक्षिका असून हे मला कधी सुचले नव्हते. शॉकपच्या नळीत तेल असते. दट्ट्याच्या बारीक छिद्रांतून ते जाताना अडते, हालचालीची ऊर्जा उष्णतेत जाते आणि डोलणे थांबते. उभ्या गाडीचे वजन तो पेलत नाही. गॅस भरलेला शॉकप थोडा रेटा देतो, पण पाट्याची जागा घेऊ शकत नाही. बसलेल्या पाट्यांवर नुसते कडक शॉकप लावले तर खाली जायला जागा उरत नाही ती नाहीच, उलट हादरा सरळ मुलांच्या पाठीच्या कण्याला जातो.

म्हणून आधी पाटे बदलून गाडी मूळ उंचीवर आणायची. मग ती चारही चाकांवर उभी असताना शॉकपच्या वरच्या आणि खालच्या बोल्टमधले अंतर मोजायचे. त्या अंतरावर शॉकप साधारण अर्धा उघडलेला असावा, म्हणजे वर-खाली दोन्हीकडे जागा राहते. लांब निवडला तर खड्ड्यात आतून ठोकतो, आखूड निवडला तर चाक खाली लोंबताना ताणून तुटतो. आणि बदलायचे तर जोडीने.

शेजारी एक तरुण स्प्रिंगा कापून खाली केलेली मोटार घेऊन आला होता. त्याचे लांब शॉकप आतून ठोकत होते. गणित तेच, फक्त हौसेचे. चाचा त्याला म्हणाले, "स्प्रिंगा मूळच्या लाव, मग ये." मोटार वाहन कायद्याचे कलम 52 मूळ रचनेत असे फेरफार करू देत नाही, हे मी त्याला सांगितले. शिक्षकाची खोड! पुढच्याच क्षणी ती माझ्यावर उलटली.

"मुले किती बसवता?" चाचांनी विचारले.

हे माझ्याकडे पाहू लागले. महिन्याचा हिशेब मीच लिहिते. "चौदा," मी म्हणाले.

"एक पाटा वाढवून देतो. गाडी उचलेल. मग तुम्ही सोळा बसवाल." ते जरा थांबले. "पाटा वाढला म्हणून ब्रेक वाढत नाही."

परतताना आम्ही दोघे बोललो नाही. राज्याने 2011 साली शालेय बससाठी नियम केले. आमच्या घरात ते कागदावरच राहिले होते. लोकांनी विश्वासाने सोपवलेली अमानत आम्ही दाटीवाटीने कोंबत होतो आणि त्यातून घराचा हप्ता भरत होतो. गाडी चार महिने तेच सांगत होती. आम्ही ते शॉकपवर ढकलले.

पाटे नवे घातले, मूळ मापाचेच. शॉकपही साधेच, जोडीने. आणि मुलांच्या दोन फेऱ्या केल्या. सीएनजीचा खर्च वाढला, शिल्लक घटली. हे दोन आठवडे माझ्याशी तुटक वागले. पहिल्या फेरीची मुले शाळेत लवकर पोहोचतात, म्हणून मी त्यांच्याबरोबर जाते, वर्ग उघडते आणि पाढे घेते.

परवा दुसरीतल्या एका मुलीने तक्रार केली, "टीचर, आता गाडी उडत नाही."

"नाही उडत," मी म्हणाले, आणि बाराचा पाढा पुढे सुरू केला.