दार उघडं राहिलंय, काकू!

गिरगावातल्या चाळीतली दहा बाय बाराची खोली सोडून २०२४च्या दिवाळीनंतर आम्ही डोंबिवली पूर्वेला आलो. वन बीएचके, टॉयलेट घरातच! मी जाम खूश. आईचं मात्र तंत्र बिघडलं. चाळीच्या सवयीनं ती दार सताड उघडं ठेवायची आणि शेजारचे बेल वाजवून सांगायचे, ‘काकू, दार उघडं राहिलंय.’ महिन्याभरात ती दार लावायला शिकली. मला उगाचच वाईट वाटलं.

माझं म्हणाल तर सकाळची फास्ट लोकल. बॅग पुढे, श्वास आत. बाकी काय सांगायचं?

ऑक्टोबर २०२५मध्ये मेट्रो ३ गिरगावात पोचली. आम्ही निघून गेल्यावर, अर्थातच! हौसेनं आईला घेऊन गेले. स्टेशनातून वर येताच ती सवयीनं चाळीच्या दिशेनं वळली. मग थांबली. ‘चल, उशीर होईल,’ म्हणाली.

त्याच महिन्यात दिवाळी आली. पहाटे फडके रोडवर नटूनथटून आलेली अख्खी डोंबिवली, गणेश मंदिरापर्यंत नुसती माणसंच माणसं. आईला गर्दीतून अक्षरशः ओढून आणावं लागलं.

घरी येऊन तिनं फराळाची ताटं भरायला घेतली. दार उघडंच होतं. बेल वाजली नाही. समोरच्या वहिनी चकल्यांचा डबा घेऊन थेट स्वयंपाकघरात आल्या.