पाच टक्क्यांची अट

वर्ध्याजवळच्या सावंगी मेघेला रात्रभर जाग असते. आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयाच्या आवारात दूरदूरच्या गावांहून आलेले नातेवाईक चादरी अंथरून पडलेले असतात, आणि प्रत्येकाच्या उशाशी फोन असतो. गावी निरोप द्यायचा त्यावर, उसने पैसे मागायचे त्यावर, औषधांचं बिल भरायचं तेही त्यावरच. तो फोन फरशीवर पडून फुटला, की भरल्या गर्दीत माणूस एकटा पडतो.

मग तो मोबाईल रिपेअरिंगचं दुकान शोधत निघतो. "भाऊ, आजच पाहिजे." काउंटरमागचा पोरगा टच चालतो का बघतो, चार्जिंग पिन हलवून पाहतो, हीट गनने डिंक सैल करून झाकण उचकटतो. "ओरिजनल टाकू की कॉपी?" हा त्याचा खरा प्रश्न, आणि उत्तर गिऱ्हाइकाच्या खिशात असतं. पार्ट हाताशी नसला तर नागपूरहून, सीताबर्डीच्या बाजारातून मागवायचा. त्या पोरांबद्दल मला फार आदर आहे. माझा फोन चार्ज होईना तेव्हा कंपनीच्या सेंटरवर अख्खा बोर्ड बदलायला सांगितला होता. खर्च जवळजवळ नव्या फोनाइतका. इथल्या पोराने चार्जिंगची बोटभर पट्टी बदलली, फोन सुरू झाला.

पण त्याच्या कसबाला आता यंत्राच्या आतूनच अडसर घातला जातो. काही महागड्या फोनांत डिस्प्ले आणि बॅटरीचे क्रमांक मुख्य बोर्डाशी जोडलेले असतात. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या फोनातला अस्सल डिस्प्ले काढून बसवला, तरी हा भाग ओळखता येत नाही असा इशारा पडद्यावर झळकू शकतो, एखादी सोयही बंद पडू शकते. भाग चांगला आहे, बसवणारा हात कुशल आहे. नाही ती फक्त कंपनीची परवानगी. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने 2024 मध्ये कायदा करून या जोडबंदीला मनाई केली. हलक्या बॅटऱ्या फुगतात, पेटतात, ही कंपन्यांची भीती खोटी नाही. पण म्हणूनच अस्सल बॅटरी आणि दुरुस्तीची माहिती सावंगीच्या काउंटरपर्यंत रास्त भावात पोचली पाहिजे. दार बंद करून माणूस सुरक्षित होत नाही, तो आणखी हलक्या मालाकडे वळतो.

दुरुस्तीची ही काळजी नवी नाही. सावंगीहून वर्ध्याला गेलं की मगनवाडीत मगन संग्रहालय आहे. 30 डिसेंबर 1938 रोजी गांधीजींनीच त्याचं उद्घाटन केलं. तिथले चरखे पाहताना मला दरवेळी 1929 ची स्पर्धा आठवते. अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं. सूत किती निघावं हे अटींत होतंच. पण किंमत 150 रुपयांच्या आत हवी, वेळच्या वेळी निगा राखली तर यंत्र किमान 20 वर्षं चालावं, आणि झिजलेले भाग बदलायला वर्षाकाठी किमतीच्या पाच टक्क्यांहून जास्त खर्च येऊ नये, असंही लिहिलेलं होतं. दुरुस्तीचा हिशेब यंत्र घडण्याआधीच मांडलेला! आजच्या 15,000 रुपयांच्या फोनाला ही अट लावली तर वर्षाला 750 रुपये होतात. फुटलेला डिस्प्ले तेवढ्यात बसेल का, हे बाजारात विचारून पाहा. ते बक्षीस शेवटी कोणालाच मिळालं नाही. अटी कठीण होत्या, पण त्या यंत्र वापरणाऱ्या बाईच्या बाजूने लिहिलेल्या होत्या.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरात त्याचं पोर्टल सुरू केलं. पुढे मोबाईल आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणं किती दुरुस्त करता येतात याला गुण देण्यासाठी वेगळी समिती बसली. तिने मे 2025 मध्ये अहवाल दिला. सुटे भाग मिळतात का, यंत्र सहज उघडतं का, दुरुस्तीची माहिती दिली आहे का, हे त्यात तपासायचं आहे. फ्रान्सने जानेवारी 2021 मध्येच असे गुण स्मार्टफोनच्या किमतीशेजारी छापणं सक्तीचं केलं होतं.

आपल्याकडेही ते कायद्याने सक्तीचे व्हायला हवेत. तोवर नवा फोन घेताना कॅमेऱ्याआधी एवढं विचारा: याचा डिस्प्ले आणि बॅटरी सुटी मिळतील का, किती वर्षं मिळतील, आणि आमच्या गावातला पोरगा ती बसवू शकेल का? उत्तर मिळालं नाही तर दुसऱ्या दुकानात जा.