बोरच्या अरण्यातील तहान

वर्ध्याहून सेलू-हिंगणीच्या वाटेने बोर धरणाकडे निघाले म्हणजे कपाशीची काळी शेते मागे पडतात आणि ठेंगण्या टेकड्यांवरील सागाचे वन सुरू होते. हे वन १९७० साली अभयारण्य झाले आणि २०१४ साली व्याघ्रप्रकल्प. येथे येणारे बहुतेक लोक वाघ पाहावयास येतात व तो न दिसल्यास हिरमुसले होऊन परततात. वस्तुतः वैशाखातील झाडे हीच येथे पाहण्याजोगी गोष्ट आहे.

पाऊस जाऊन सहा-सात महिने लोटलेले असतात. साग पाने टाकून संन्याशासारखा उभा असतो. त्याचे वर्तन समजण्यासारखे आहे. पण त्याच्याच शेजारी तेंदू कोवळी पाने फोडतो, आणि ती खुडून कितीएक गरीब कुटुंबे चार पैसे मिळवितात. भेगाळलेल्या जमिनीत ह्या झाडास पाणी मिळते कोठून?

आपल्या पूर्वजांनी ह्या वाटेने काही विचार केलाच नव्हता असे नाही. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेत दकार्गल नावाचा अध्याय भूगर्भातील जलाच्या शोधास वाहिला आहे. जांभळाच्या उत्तरेस तीन हातांवर, दोन पुरुष खोल, पाण्याची शिरा असते, असे त्याचे सांगणे. त्यात अनुभव किती व कल्पना किती, हा वाद पंडितांनी करावा. पण त्याची दृष्टी विहीर खणणाऱ्याची होती. झाड त्याला खूण म्हणून हवे होते. झाड स्वतः कोणते पाणी पिते, हा प्रश्न निराळा, आणि त्याच्या उत्तराचे साधन गेल्या काही दशकांतच हाती आले.

ते साधन असे. सारे पाणी सारख्या वजनाचे नसते. ऑक्सिजनच्या दर हजार अणूंत सुमारे दोन अणू १६ ऐवजी १८ भाराचे असतात. हायड्रोजनचाही ड्यूटेरियम नावाचा एक जड भाऊ आहे. तो हॅरॉल्ड यूरी ह्यांनी १९३१ साली शोधला. ह्यांस समस्थानिके म्हणतात. ती आपोआप विघटन पावत नाहीत, म्हणून ती स्थिर. ऊन लागले की हलके पाणी अधिक उडते व जड मागे राहते. त्यामुळे उन्हाळ्यात वरच्या वीतभर मातीतील ओल जड होते. खडकाच्या भेगांत खोल उतरलेले पावसाचे पाणी मात्र बहुतांशी होते तसेच राहते. मुळे पाणी ओढताना हलके-जड अशी निवड सहसा करीत नाहीत. तेव्हा काडीतील पाणी तपासले म्हणजे ते कोणत्या थरातून आले ह्याचा माग लागतो. पान ह्या कामी उपयोगाचे नाही, कारण पानातून बाष्प उडताना तेथेच पाणी जड होते. जून, तपकिरी सालीची काडीच हवी, आणि ती तोडताक्षणी बाटलीत घट्ट बंद करावयास हवी.

टॉड डॉसन व जेम्स एलरिंगर ह्यांनी अमेरिकेतील यूटा प्रांतात एका बारमाही ओढ्याच्या काठची झाडे अशीच तपासली व निष्कर्ष १९९१ साली प्रसिद्ध केले. मोठ्या वृक्षांत ओढ्याचे पाणी जवळजवळ नव्हतेच! ते खोलवरचे पाणी पीत होते. ओढ्याचे पीत होती ती काठची लहान झाडे. गंगातीरी राहून घरच्या आडाचे पाणी पिणाऱ्या गृहस्थासारखेच हे झाले.

बोरच्या जलाशयाकाठी हिरवे झाड दिसले की आपण म्हणतो, ‘ह्याला काय उणे!’ पण उन्हाने जड झालेले ते पाणी काडीत उतरले आहे की नाही, हे पाहिल्यावाचून तसे म्हणता येत नाही. भोवतालच्या गावांच्या विहिरींचा प्रश्नही ह्यातच आहे. झाडे लावल्याने विहिरीस पाणी येते, असे एक पक्ष म्हणतो. झाडे विहीर आटवितात, असे दुसरा. दोघेही झाड पाहून बोलतात. वरची ओल पिऊन उन्हाळ्यात गप्प राहणारे झाड आणि भूजल ओढून पालवणारे झाड, ही विहिरीला सारखी नव्हेत.

तेंदूची परीक्षा करावयाची तर कार्तिक, माघ व वैशाख अशा तिन्ही वेळच्या काड्या हव्यात. हातहात खोलीवरची माती हवी, जवळच्या विहिरीचे व जलाशयाचे पाणी हवे. शिवाय पावसाळ्यात मोठ्या सरींचे पाणी काठोकाठ भरलेल्या, बूच घट्ट बसविलेल्या बाटल्यांत तारीख घालून ठेवावे लागेल. हे शेवटचे काम गावच्या शाळेतील मुले सहज करतील.