गादीखालचे रंगीत कागद

ऐंशीच्या दशकातल्या मध्यमवर्गीय मराठी घरात गादी उचलली की खाली हमखास रंगीत कागदांची चळत सापडायची. लग्नामुंजीत, बारशाला आलेल्या आहेरांवरचे ते कागद. आहेर उघडायला एखादी हलक्या हाताची मावशी बसायची. कुणाकडून काय आलं याची शेजारी कुणीतरी वहीत नोंद करायचं आणि मावशी ब्लेडने चिकटपट्टी कापत कागद अख्खा सोडवायची. पातेलं किंवा गोल डबा असला की कागदाला करंजीच्या मुरडीसारख्या चुण्या पडलेल्या असत. त्या तळहाताने सपाट करायच्या, वरून कोमट इस्त्री फिरवायची, की कागद गादीखाली.

तिथून तो नाना रूपांनी बाहेर यायचा. शाळेच्या वह्यांना खाकी कव्हरच लागे, पण आईच्या पाककृतींच्या आणि ताईच्या गाण्यांच्या वहीला फुलाफुलांचा कागद मिळायचा. मोठे ताव कपाटाच्या फळ्यांवर अंथरले जायचे. तुकड्यांची पाकिटं व्हायची, वाचनखुणा व्हायच्या, रुखवतातली फुलं आणि आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या व्हायच्या. चिकटवायला घरचीच खळ असे. मैदा पाण्यात शिजवायचा आणि कीड लागू नये म्हणून त्यात चिमूटभर मोरचूद टाकायचं.

मला सगळ्यांत प्रिय होते ते कागदी मणी. बोटभर रुंदीची, टोकाकडे निमुळती होत जाणारी लांब पट्टी कापायची. रुंद बाजू खराट्याच्या काडीवर ठेवून घट्ट गुंडाळत जायचं, शेवटच्या टोकाला खळीचं बोट लावायचं आणि काडी अलगद ओढून घ्यायची. मध्ये फुगीर, दोन्हीकडे निमुळता मणी तयार! कागदावर गुलाब असला तरी मण्यात गुलाब दिसत नसे. दिसायच्या त्या लाल-हिरव्या रेघा, आणि प्रत्येक मण्याच्या रेघा वेगळ्या. वाळल्यावर वॉर्निशचा हात द्यायचा आणि दोऱ्यात ओवून माजघराच्या दाराला पडदा लावायचा. त्या एका पडद्यात घरातली कितीतरी कार्यं ओवलेली असत. ‘हा मणी काकाच्या लग्नातला’ असं आम्ही बोट ठेवून सांगायचो.

आज मुंबईच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या बोहरी आळीत गेलं की कागदांचं वैभव पाहून डोळे दिपतात. एवढे रंग, एवढी नक्षी आमच्या लहानपणी नव्हती. पण त्या कागदाचं आयुष्य मात्र घटकाभराचं झालं आहे. चिकटपट्टी इतकी सढळ हाताने लावलेली असते, की फाडल्याशिवाय भेट निघत नाही. वाढदिवस संपला की सगळा ढीग कचऱ्यात. शिवाय त्यातला पुष्कळसा चकचकीत माल कागद नसतोच. कधी ती प्लॅस्टिकची फिल्म असते, कधी कागदावर प्लॅस्टिकचा पापुद्रा चढवलेला असतो. रद्दीत त्याला किंमत नाही आणि मातीत तो कुजतही नाही. ओळखायची सोपी खूण सांगतो. मुठीत घट्ट चुरगाळून सोडा. चुरगळलेला राहिला तर बहुधा कागद, आपोआप उलगडला तर प्लॅस्टिक.

तरीही मी निराश नाही. २०१८ साली महाराष्ट्रात प्लॅस्टिकबरोबर थर्माकोलच्या सजावटीवरही बंदी आली आणि कितीतरी घरांतली गणपतीची मखरं पुन्हा कागद-पुठ्ठ्याकडे वळली. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था १९४० पासून उभी आहे. सुती चिंध्यांच्या लगद्यापासून केलेला हातकागद घडीला चिवट असतो, म्हणून तो पुन्हा पुन्हा वापरता येतो. आजची मुलं क्विलिंग करतात, ओरिगामीच्या घड्या घालतात. कला त्यांच्या हातात आहेच. हरवली आहे ती कागद जपण्याची सवय, आणि ती परत लावणं अवघड नाही.

म्हणून एवढंच सांगणं आहे. येत्या दिवाळीत भेट बांधताना खराखुरा कागद घ्या आणि चिकटपट्टीऐवजी सुती दोरा किंवा जुन्या साडीची किनार बांधा. तुम्हाला भेट मिळाली तर कागद फाडू नका, सोडवा. देणाऱ्याने वस्तूइतकाच तोही मनापासून निवडलेला असतो. मग त्यातली एक पट्टी घरातल्या लहानग्याच्या हाती द्या आणि मणी वळायला शिकवा.