ऑस्लोतील अभ्यंग

नॉर्वेला जाऊन आलेला मराठी माणूस बहुधा फ्योर्डविषयी नाही तर मध्यरात्रीच्या सूर्याविषयी लिहितो. दोन्ही गोष्टी पाहण्यासारख्या आहेत यात शंका नाही. पण वाचकहो, आज मी आपल्याला एका तळघरात नेणार आहे. तिथे एक जुनी इस्त्री आहे, रंगीत मेणाच्या डब्या आहेत आणि बाकावर उताण्या निजवलेल्या, माणसाहून लांब अशा अरुंद स्की आहेत.

२०२४ च्या फेब्रुवारीत मी ऑस्लोला भाचीकडे राहिलो होतो. तिचे सासर नॉर्वेजियन. ऑस्लो शहराच्या पुढ्यात समुद्राची खाडी आणि पाठीशी नूरमार्काचे अफाट जंगल. हिवाळ्यातल्या रविवारी तिथल्या मेट्रोत, पावसाळ्यात आपल्या लोकलमध्ये छत्र्या दिसाव्यात तशा हातोहाती स्की दिसतात. डोंगरावरच्या फ्रोग्नेरसेतेरेन या शेवटच्या स्टेशनावर सगळे उतरतात, स्की पायांत अडकवतात आणि झाडीत दिसेनासे होतात. वाटेतल्या होल्मेनकोलेनला १९२३ साली स्थापन झालेले स्कीचे संग्रहालय आहे. १८८८ मध्ये ग्रीनलंडचा बर्फ स्कीवरून ओलांडणारा नान्सेन याच मातीतला.

या रविवारची तयारी शनिवारी रात्री तळघरात होते. सपाटीवर चालण्याच्या स्कीला मधोमध धनुष्यासारखा बाक असतो. दोन्ही पायांवर उभे राहिले की तिचा मधला भाग बर्फापासून किंचित उचललेला राहतो. एका पायावर भार देऊन रेटा दिला की तो खाली दबतो. म्हणून टोकांना घसरण्याचे मेण लावायचे आणि मध्ये पकडीचे. घसरण्याचे मेण इस्त्रीला टेकवून थेंबथेंब पाडायचे, इस्त्री एकसारखी फिरवत ते जिरवायचे, धूर निघाला तर इस्त्री फार तापली असे समजायचे. मेण गार झाले की पट्टीने खरवडून ब्रश मारायचा. पकडीचे मेण हवामान पाहून निवडतात: कडक थंडीला हिरवे, त्याहून सौम्य थंडीला निळे, शून्याच्या आसपास जांभळे, ओल्या बर्फाला लाल. त्याचे पातळ पातळ थर देऊन बुचाने घोटायचे. मेण फार मऊ झाले तर बर्फाचे गोळे चिकटतात. फार कठीण झाले तर चढावर पाय मागे घसरतो.

या चुकलेल्या निवडीला नॉर्वेजियन भाषेत खास शब्द आहे, ‘स्म्योरेबोम’. शर्यत हरलेल्या खेळाडूला तो फार उपयोगी पडतो. आपले ‘नाचता येईना अंगण वाकडे’ तिथे मेणावर जाते! शब्दांच्या नादी लागणे हा माझा धंदाच. तेव्हा ध्यानात आले की त्यांच्या भाषेत ‘स्म्योर’ म्हणजे लोणी आणि ‘स्म्योरे’ म्हणजे माखणे. आपले ‘माखणे’ आणि हिंदीतले ‘मक्खन’ हेही एकाच संस्कृत ‘म्रक्षणा’ची लेकरे. लोणी आणि माखणे यांची सोयरीक दोन्हीकडे जमलेली पाहून मला घरचे कोणी भेटल्यासारखे वाटले.

त्या घरात हे काम आजवर भाचीच्या सासऱ्यांचे. लाकडी स्कीला पाइनचे डांबर तापवून पाजण्यापासून त्यांनी सगळे केलेले. पण आता हात थरथरतो, इस्त्री धरवत नाही. भाचेजावयांनी तळाला मोहेरची पट्टी असलेल्या स्की घेतल्या आहेत. त्यांना पकडीचे मेण लागत नाही. फ्लोरीनयुक्त मेणांचा जमानाही सरला. ती वेग देत, पण त्यांतली रसायने माती-पाण्यातून नाहीशी होत नाहीत. २०२३-२४ च्या हंगामापासून आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या स्पर्धांत त्यांना बंदी आहे. म्हणजे तळघराला कुलूप लागायला निमित्ते पुष्कळ होती.

“मामा, मी नाही शिकले तर पुढे कोणी विचारणारसुद्धा नाही,” भाची म्हणाली आणि बाह्या सावरून उभी राहिली. आईने दिवाळीच्या पहाटे आम्हां भावंडांना तेल चोळावे, तशी ती एकेका स्कीवरून हात फिरवीत होती. बाहेर उणे सहा. तिने निळी डबी उचलली. सासरे स्टुलावर बसून पाहत होते. त्यांची नजर क्षणभर हिरव्या डबीकडे गेली, पण ते बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी स्टेशनाजवळच्या उपाहारगृहात कॉफी पीत बसलो. तीन तासांनी मंडळी परतली. आठ वर्षांची नात सर्वांत पुढे, गाल लाल झालेले. ती धापा टाकीत आजोबांना काहीतरी सांगू लागली. “चढावर एकदाही घसरले नाही म्हणते,” भाचीने मला मराठीत सांगितले.

आजोबांनी मान डोलावली. घरी आल्यावर ते सावकाश तळघरात उतरले, खिशातून त्यांचे जुने बूच काढले आणि सुनेच्या डब्यांशेजारी ठेवून दिले. वर्षानुवर्षांच्या घोटण्याने त्याला एका बाजूने त्यांच्या अंगठ्याएवढा खळगा पडला होता.